चिठ्ठीवरचे विद्यार्थी

"बोलावलं की आत यायचं," असं सांगून उमा मॅडमनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि रामकिसन व्हरांड्यात एकटा उरला.

हा त्याचा तिसरा पाठ होता. विद्यापीठानं यंदा फर्मानच काढलं होतं. संशोधन करणाऱ्या ज्या पोरांना अध्यापन सहायक म्हणून पहिल्या वर्षाचे तास हवेत, त्यांनी आधी दहा दिवस शिकवायला शिकायचं. शेवटी पंधरा मिनिटांचा पाठ द्यायचा. त्याला संधी तीन. त्यातल्या दोन रामकिसननं मातीत घातल्या होत्या. आता तिसरी गेली की सहायकाची जागा गेली, मग गारखेड्यातली खोलीही गेली, आणि लासूर स्टेशनला मामाच्या आडतीवर मक्याच्या पोत्यांवर नंबर टाकत बसणं नशिबी आलं. मामा तर वाटच बघत होता.

या प्रशिक्षणाची एक रीत होती. पाठ देणारानं बाहेर थांबायचं. तोवर आत मॅडम बाकीच्या शिकाऊ मास्तरांना एकेक चिठ्ठी द्यायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक सोंग लिहिलेलं. कुणी डुलक्या घ्यायच्या, कुणी सारखं 'कळलं नाही' म्हणायचं, कुणी मास्तरची खोडी काढायची. वर्ग खोटा असला तरी छळ अगदी अस्सल व्हायचा!

पहिल्या पाठाला रामकिसनच्या तोंडून "नाय" निघालं आणि बाकावर बसलेल्या शिकाऊ मास्तरांतला मुकुंद खदखदून हसला. झालं! आमच्या पिशोर गावच्या या पठ्ठ्याची बोबडीच वळली. फळ्याकडं तोंड करून जो उभा राहिला, तो वेळ संपेपर्यंत वळला नाही. दुसऱ्या पाठाला तर कुणी हसायच्या आधीच त्याची दातखीळ बसली.

"अरे वेड्या, मुकुंदच्या चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं, हसायचं म्हणून," उमा मॅडमनी नंतर त्याला समजावलं. "तो कुठं तुला हसला? चिठ्ठी हसली."

तेवढं एक वाक्य त्यानं उराशी धरलं होतं. "चिठ्ठी हाय, नुसती चिठ्ठी," आताही तो पुटपुटत होता. हातातला खडू घामानं ओला झाला होता.

दार उघडलं. "या सर," मॅडम म्हणाल्या. पाठापुरत्या त्या सगळ्यांनाच सर म्हणत. मग त्या फॉर्म घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

माठातलं पाणी गार का होतं, हा त्याचा विषय. पहिली दोन वाक्यं कापऱ्या आवाजात कशीबशी बाहेर पडली. तिसऱ्या वाक्याला बन्सी पेंगायला लागला. एरवी रामकिसन तिथंच फळ्याकडं वळला असता. आज मनात म्हणाला, वा रे बन्स्या, काय घोरतोस! टेबलावरची पाण्याची बाटली उचलून तो त्याच्या बाकापाशी गेला, त्याच्या मनगटावर पाण्याचा थेंब सोडला आणि फुंकर घातली.

"गार लागलं का?"

"व्हय," बन्सी दचकून म्हणाला.

"ते पाणी उडून जाताना तुझ्या अंगातली गरमी घेऊन गेलं. माठाचं बी असंच असतं."

वर्ग हसला. बन्सी डोळे चोळून ताठ बसला.

"सर, मला नाही कळलं," शैलानं हात वर केला. "उडून जातं ते बाहेरचं पाणी. मग आतलं कशानं गार होतं?"

त्यानं सांगितलं. तिला कळलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. तिसऱ्यांदा विचारताना तर तिचा आवाज रडवेला झाला. काय बाई अभिनय, रामकिसनला वाटलं. त्यानं शांतपणे फळ्यावर माठ काढला. "ही माठाची भिंत मधी हाय ना? बाहेरचं पाणी उडताना भिंतीतली गरमी ओढतं. मग भिंत आतल्या पाण्यातली ओढून घेते." शैलानं मान डोलावली आणि भराभर वहीत लिहून घेतलं.

मग मुकुंद उभा राहिला. शहरात वाढलेला, वडील प्राध्यापक, बोलणं घासूनपुसून.

"सर, स्पष्ट विचारतो. 'हाय', 'बी', 'मधी'. असं बोलून तुम्ही विद्यापीठात शिकवणार? गंमत म्हणून पोरं ऐकतीलही. पण शिकायला कोण बसेल?"

मॅडमचं पेन थांबलं. रामकिसनची मान आपोआप फळ्याकडं वळत होती. चिठ्ठी हाय, तो स्वतःला म्हणाला, नुसती चिठ्ठी. आणि काय सांगावं, त्याला चक्क हसू आलं.

"बसा मुकुंदराव, बरं विचारलंत. पहिल्या वर्षाला निम्मी पोरं कन्नड, गंगापूरच्या खेड्यापाड्यांतून येतेत. पुस्तकी बोलणं ऐकलं की पहिल्याच दिवशी गप होतेत. मी बी झालो होतो. दोन वर्षं हात वर केला नाय, लई लाज वाटायची. माझ्या तासाला ती पोरं हात वर करतील. आन् तुम्हाला माझा एखादा शब्द अडला, तर तुम्ही बी करा. मी पुन्हा सांगीन."

कुणीतरी बाक वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला.

मॅडमनी फॉर्मवर सही केली. "पास," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून पहिल्या वर्षाचा तास तुझा." रामकिसनला हुंदकाच आला. तो कसाबसा आवरत व्हरांड्यात आला. मुकुंद तिथं खांबाला टेकून उभा होता. रामकिसननं जाऊन त्याला मिठीच मारली.

"लेका, काय केलंस रे! जीवच गेला होता माझा. एवढं झणझणीत मॅडमनी लिहून दिलं होतं, का तू पदरचं घातलंस?"

मुकुंदनं मान वर केली नाही.

"आज मॅडमनी कुणालाच चिठ्ठी दिली नव्हती," तो म्हणाला.