पातळ ऑईल

"सोनेरी डब्यातलं टाक," धम्मरत्न म्हणाला. "महाग असलं तरी चालन, पण हे खडखड बंद झाली पाह्यजे."

किशन मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. धम्मरत्नची मोटारसायकल आवाजावरून ओळखणार नाही असं कुत्रंही कामरगावात नव्हतं. वर्षानुवर्षं स्वस्तातलं पातळ ऑईल पिऊन तिच्या इंजिनात जणू पिंपं घरंगळायची.

"लग्न ठरलं काय बे?"

"ठरून राह्यलं."

ठरवणारा अजून तो एकटाच होता. रोज पहाटे दुधाच्या कॅन घेऊन तो कारंजा शहराकडे निघे. गावाच्या टोकाला, जानरावांच्या कुंपणाआड, त्यांची मुलगी रूपा उभी असे. धुक्यात ओढणीच काय ती दिसे. पण तेवढ्यानं पुढं कारंज्यापर्यंत गाडी रस्त्यावरून जातच नसे. ती तुरीच्या शेंड्यांवरून तरंगत जाई, असं तो शपथेवर सांगायचा. त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं जाऊनही त्याचं दूध सांडत नसे, म्हणून लोकांना मानावंच लागे.

येत्या रविवारी त्याची आई रूपाला मागणी घालायला जाणार होती. अशा घरावरून दणदणत जाणं बरं दिसत नाही.

नवं जाड ऑईल पडलं आणि गाडी मांजरीच्या पावलानं चालू लागली. पहाट इतकी शांत, की कापसाची बोंडं उमलताना ऐकू यावीत. कुंपणाआड ओढणी मात्र दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा असाच कोरडा गेला.

शुक्रवारच्या बाजारात रूपानंच त्याला गाठलं. तिचे डोळे तांबारले होते.

"गाडी विकली काय रे?"

"नाही. ऑईल बदललं. तुमच्या घरच्यायची झोपमोड नको म्हून."

"तुले कोनं सांगतलं होतं हे शहाणपन?" ती एकदम कडाडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुह्या गाडीचा आवाज नाही आला तर मले पहाट झाल्यासारखीच वाटत नाही. जुनंच टाक. उद्या येजो. आमच्या घरापाशी जराशी रेस देजो."

किशननं कपाळाला हात लावला. "अबे, इंजिन थकलं हाय. आता पातळ टाकलं तर रस्त्यातच बसन."

"बसू दे. तिले आवडते."

"कोनाले? गाडीले?"

धम्मरत्ननं पातळ ऑईलचा डबा त्याच्या हातात कोंबला.

शनिवारी धुकं दुधासारखं दाट होतं. कुंपणाआड ओढणी हलली. त्यानं वेग कमी केला आणि मन भरेस्तोवर रेस दिली. खडखड आभाळाला भिडली. बाभळीवरचे बगळे उठले आणि गाडीची चाकं जमिनीवरून सुटू लागल्यासारखी वाटली. तेवढ्यात इंजिन आतून कण्हलं आणि जागीच बसलं.

सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत त्याच्या पाठीमागं लोखंडी फाटक असं किंचाळलं, की घरातून जानरावांची हाक आली, "कोन हाय बे फाटकात?"

आजवर खड्ड्यांपायी धम्मरत्ननं कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. रूपा फाटकातून अर्धी बाहेर होती, खांद्यावर कपड्यांची बॅग. रस्त्यापलीकडं कडुनिंबाखाली मागच्या गल्लीतला उत्कर्ष तिच्याकडं हात पसरून उभा होता.

"आजच बंद काहून केली रे?" रूपा दात खाऊन कुजबुजली. "रोज तर मी त्याच्यापाशी पोचेस्तोवर वाजते!"