तीन हाका

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची एकवीस वर्षांची पद्धत ठरलेली होती. आधी झोपेचं औषध, लगोलग स्नायू ढिले पाडणारं, आणि मग पेशंटच्या कानाशी तीन हाका. हूं की चूं झालं नाही की, "झोपला, सुरू करा!" वर्षाकाठी एखादा पेशंट नंतर रडकुंडीला येऊन सांगायचा, "डॉक्टर, मला तुमच्या हाका ऐकू येत होत्या हो." बाई हसून त्याच्या पाठीवर थाप मारायच्या, "स्वप्न पडलं असेल."

आज पित्ताशय काढून घ्यायला त्याच ऑपरेशनच्या टेबलावर बाई स्वतः आडव्या होत्या. भूल द्यायला त्यांच्याच हाताखाली तयार झालेली लाडकी शिष्या. दोन्ही औषधं गेली.

"मॅडम! मॅडम! मॅडम!"

तिन्ही हाका बाईंना स्वच्छ ऐकू आल्या. ओ द्यायला जीव तुटत होता, पण साधी पापणी हलेना. भीतीने काळीज नुसतं धडधडत सुटलं.

"अगंबाई, यांची नाडी का एवढी पळतेय?" सिस्टरने विचारलं.



"पळते कधीकधी, लक्ष द्यायचं नाही," शिष्या म्हणाली. "मॅडमनीच शिकवलंय. सुरू करा."