खिशातले फ्यूज

भट्टीत शिरण्याआधी सदानंदने पॅनेलमधले तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकले. “ज्यानं काढले, त्यानंच बसवायचे,” हे मुजावरमामांनी शिकवलेलं. मामांचा जीव मात्र गेल्या वर्षी याच भट्टीत गेला. ते आत कॉइल बसवत होते, आणि आत कोणी नाही असं समजून कुणीतरी पॅनेलमध्ये दुसरे फ्यूज लावले.

आजच्या कॉइलही सदानंदने मामांच्या पद्धतीनेच निवडल्या होत्या, जाड तारेच्या, उशिरा तापणाऱ्या पण वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. खोलीएवढ्या त्या भट्टीच्या विटा अजून पुरत्या निवल्या नव्हत्या. घामाने जीव नकोसा झाला, तसा त्याने शर्ट काढून दाराबाहेर भिरकावला आणि पुन्हा कामाला लागला.

शेवटची कॉइल अडकवून झाल्यावर त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि उघड्या छातीवर थबकला. धडपडतच तो बाहेर आला.

पॅनेलपाशी कालच कामावर लागलेला ऑपरेटर वैतागून उभा होता. “तुम्ही आत होता? साहेब म्हणाले, भट्टी चालू कर. फ्यूज त्या शर्टात दिसले, पण तुमचे ते मामा देतील तर शपथ!”

“कोणते मामा?”

“शर्ट छातीशी धरून उभे होते की आत्ता. हात पार भाजलेत बिचाऱ्यांचे. आणि सारखं एकच, ज्यानं काढले, तोच बसवेल.”