सोल

स्पॅनिश: पुल्लिंगी, सूर्य.
फ्रेंच: पुल्लिंगी, जमीन.
स्लोव्हेनियन: स्त्रीलिंगी, मीठ. षष्ठीत सोली.
स्वीडिश: पुन्हा सूर्य. अनेकवचन सोलार.

शब्दकोशाच्या कचेरीत प्रुफं दोघींनी मिळून तपासायची असतात. मी मोठ्यानं वाचते, वहिनी मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकते. सुरू केलेला शब्द अर्धा सोडायचा नाही, एवढाच इथला नियम.

"हा शब्द झाला की मी निघते हं," वहिनी म्हणाली. "आज घरी सोडतायत तुमच्या दादाला. हॉस्पिटलवाले वैतागले असतील त्याच्या बडबडीला. रात्री तुम्हाला तरी झोपू दिलं का त्यानं?"

"पुढे वाचते," मी म्हणाले.

मी स्वल्पविराम वाचले. पूर्णविराम वाचले. जुनी रूपं, बोलीतली रूपं, मागच्या आठवड्यात पक्की केलेली उदाहरणंसुद्धा वाचली.

"अहो वन्सं, हे झालंय की तपासून!"

"असू दे. चूक राहिली तर लोक आपल्याच नावानं शंख करतील."

ती हसली आणि तिनं बोट पुन्हा ओळीवर ठेवलं. तिच्या खुर्चीच्या पाठीला दादाचा इस्त्रीचा शर्ट अडकवलेला होता, घरी येताना घालायला. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचले, तेव्हा तिनं तो काढून, घडी घालून पिशवीत ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"झाला ना शब्द?"

आज पहाटे दादा गेला, तेव्हा मी त्याच्या उशाशी होते.