आधी आवळून घ्यायचं

गाडीखालून अप्पांचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते. अंगठे वर, ताठ. माणूस अजून हरलेला नाही, एवढंच सुनेला त्यावरून कळत होतं.

"मार फवारा," आतून आवाज आला. "तुमच्या भाषेत, भूल दे त्याला."

सून दातांची डॉक्टर. बॉनेट उघडून ती इंजिनावर ओणवी झाली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात गंज सोडवायच्या तेलाचा डबा. इंजिनामागे, धुराच्या पाइपात, अंगठ्याएवढा ऑक्सिजन सेन्सर रुतून बसला होता. गंजाने त्याचं आणि पाइपाचं असं काही लग्न लावून दिलं होतं की सोडचिठ्ठीची सोयच ठेवली नव्हती. तो निघाल्याशिवाय नवा बसणार नव्हता, आणि नवा बसल्याशिवाय गाडीतला इशाऱ्याचा पिवळा दिवा विझणार नव्हता.

"दिली," ती म्हणाली. "आता जरा थांबा. भूल चढायला वेळ लागतो."

"तेवढ्यात पळून जात नाहीत तुझे पेशंट?"

"तोंड उघडं असतं त्यांचं, अप्पा. पळतील कसे?"

गाडीखाली हसू घुमलं. गॅरेजच्या दारात मात्र कुणी हसलं नाही. तिथे तिचा नवरा हाताची घडी घालून उभा होता. तो मदतीला आला नव्हता, साक्षीला आला होता. परवा अप्पा गाडी घेऊन गेले आणि येताना स्वतःच्याच घराचं वळण चुकले. तेव्हापासून मुलगा बापाची पुढची चूक कधी होते याची वाटच बघत होता. सकाळीच त्याने बायकोला बजावलं होतं, "आज काही मोडलं ना त्यांच्या हातून, तर गाडीची किल्ली आपल्याकडे. माझ्याच्याने मागता येणार नाही, तू माग." ती 'बघू' म्हणाली होती. त्या घरात 'बघू' म्हटलं की होकार धरतात.

"अप्पा, मेकॅनिकला बोलावू का?" नवऱ्याने दारातूनच विचारलं.

"का? मी बसच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर तिकिटं फाडली काय?"

पाना सेन्सरवर बसला. जोर वाढावा म्हणून अप्पांनी त्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला होता. खालून श्वास ओढल्याचा आवाज आला. दांडा ताणला, थरथरला. कर्र झालं.

"हलला," अप्पा म्हणाले. आवाजात दहा माणसांचं बळ होतं.

सुनेने वरून टॉर्च मारला. हलला होता खरा. पण आत.

उताणं पडलेल्या माणसाला तो सेन्सर मागच्या अंगाने दिसतो, तिथून डाव्याचं उजवं होतं. अप्पा सोडवत नव्हते, आवळत होते. नवशिके हमखास करतात ती चूक. वर्कशॉपमध्ये अप्पांनीच किती जणांना टपल्या मारून ती सोडायला लावली असेल.

पाना पुन्हा बसला. पुन्हा त्याच बाजूला.

अजून एक हिसका, की सेन्सरची मान मोडणार आणि बुडखा पाइपात राहणार. तुटलेली मुळं तिने पुष्कळ पाहिली होती. 'उलटं फिरवताय' एवढे दोनच शब्द पुरले असते. पण ते दारापर्यंत ऐकू गेले असते.

"काय झालं गं?" नवरा एक पाऊल पुढे आला. "अशी का बघतेयस?"

खाली दांडा ताणायला लागला होता.

"अप्पा, थांबा," ती म्हणाली. घाई नाही, आवाज दवाखान्यातला. "आधी आवळून घेतलंत ते बरं केलंत. आम्हीही दात आधी आत दाबतो, मगच बाहेर ओढतो. पकड सुटलीय त्याची. आता काढा."

दांडा थांबला.

पायांचे अंगठे बाजूला कलले. नवरा आधी पायांकडे बघत राहिला, मग बायकोकडे. तिने टॉर्च जराही हलू दिला नाही.

मग पाना निघाल्याचा आवाज आला. तो फिरवून पुन्हा लागला. दांडा उलट्या बाजूने ताणला. सेन्सर एकदा किंचाळला, आणि मग आट्यामागून आटा सोडत निमूटपणे वर यायला लागला.

"निघाला?" नवऱ्याने विचारलं.

"निघाला."

"बरं झालं," तो म्हणाला. साक्ष द्यावी असं काही उरलं नव्हतं. तो घरात गेला.

अप्पा सरपटत बाहेर आले. काळा पडलेला सेन्सर त्यांनी सुनेकडून घेतला, मुळासकट निघालेल्या दाताकडे बघावं तसा फिरवून पाहिला आणि फडक्यावर ठेवला.

"नवा तू बसव," ते म्हणाले. "वरून तुला नीट दिसतं."

तिने बसवला. तोवर अप्पा स्टुलावर टेकले होते. खिशातून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातून गाडीची किल्ली सोडवायला लागले. कडी घट्ट होती, नख आत जाईना. सून बघत उभी राहिली. मदतीला हात पुढे करावा असं तिला वाटलं, पण तिने केला नाही. शेवटी किल्ली सुटली. अप्पांनी ती तिच्या तेलकट तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. उरलेला जुडगा त्यांनी खिशात टाकला.

"अप्पा, अहो—"

"भूल चांगली देतेस, डॉक्टर," अप्पा फडक्याला हात पुसत म्हणाले. "फारसं दुखलं नाही."