हवा भरण्यापूर्वी

फोटोत टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कडीचं एक टोक रिमच्या खाचेतून चार मिलिमीटर वर आलेलं होतं. सुरक्षेची पुस्तिका तयार करणाऱ्या सालानिएताने तिथे लाल बाण काढला होता. ट्रकच्या चाकात हवा भरताना एवढं अंतर पुरतं. कडी सुटते आणि समोर असेल त्याला लागते. म्हणून चाक आधी जाड गजांच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि मगच हवा सोडायची.

बाणाखाली एकच वाक्य होतं : ‘इसिकेली या विद्यार्थ्याने पिंजरा वापरला नाही.’

फिजीतल्या लाउटोकाच्या तंत्रशाळेत मोटार दुरुस्ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ही पुस्तिका मिळणार होती. दरवर्षी. छापण्याआधी दोन सह्या हव्या होत्या. वर्कशॉपच्या मास्तरांची आणि इसिकेलीच्या आईची.

“चार महिने झाले, मास्तर. पेन उचलायला जॅक लावू का?” सालानिएताने विचारलं.

“चष्मा घरी राहिला,” विलियामे मास्तर म्हणाले.

“मागच्या वेळीही घरीच होता.”

इसिकेलीची आई उनाइसी टेबलापाशी बसली होती. मुलगा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तर देवमाशाचा दात घेऊन तिच्या दारात गुडघ्यांवर बसले होते. तिच्या भावाने दात स्वीकारला. तिथल्या रिवाजात दात स्वीकारला की माफी झाली. कशाची, हे कोणी विचारत नाही. तिनेही विचारलं नव्हतं.

तिने ओळीवर बोट ठेवून वाक्य दोनदा वाचलं.

“नाव गाळता येईल, ताई,” सालानिएता म्हणाली.

“राहू दे. नाव असलं की पोरांच्या लक्षात राहील. घरात जेवल्यावर ताटसुद्धा धुऊन जागेवर ठेवायचा. तिथेच कसा विसरला, कोण जाणे. आण ते पेन.”

“सही करू नकोस,” मास्तर म्हणाले.

दोघींनी वर पाहिलं. मास्तर दाराला टेकून उभे होते.

“तो विसरला नव्हता. पिंजरा माझ्या घरी होता. डुकराची पिल्लं ठेवली होती त्यात. चौकशीवाले यायच्या आत धुऊन परत आणला.”

उनाइसीने पेन टेबलावर ठेवलं.

मास्तर सालानिएताकडे वळले.

“खोडा ते वाक्य, मॅडम. लिहा, इसिकेलीने पिंजरा मागितला होता. मास्तर म्हणाले, आज असंच भर.”