चादरीवरची लढत

मुष्टियुद्धाची पहिली फेरी सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं, तोच मास्तरांच्या लक्षात आलं की लेकीसमोरची मुलगी उलटी उभी आहे.

ती डावखुरी असायला हवी होती. उजवा पाय पुढे आणि मागे दबा धरलेला तो जबर डावा हात. तीन महिने मास्तर लेकीला त्याच डाव्यापासून लांब सरकायला शिकवत होते. आणि ही बया डावा पाय पुढे टाकून चारचौघींसारखी उभी! लेक ठरल्याप्रमाणे डावीकडे सरकायची आणि नेमकी तिच्या उजव्या ठोशाच्या तोंडी जायची.

"दाजी, आपण भलत्याच पोरीचा अभ्यास केला की काय?" पाण्याची बाटली धरून कोपऱ्यात उभा असलेला मेव्हणा कुजबुजला.

मास्तरांना ती चादर आठवली.

चादर ही मास्तरांचीच अक्कलहुशारी. समोरच्या मुलीच्या जुन्या लढतीचं एकच चित्रीकरण हाती लागलं होतं. मास्तरांनी व्यायामशाळेत दोरीवर पांढरी चादर टांगली आणि प्रोजेक्टर तिच्या मागे ठेवला. पुढे ठेवला असता तर लेकीची सावली पडली असती. मागून टाकल्यावर समोरची चांगली माणसाएवढी उभी राहिली आणि लेक तिच्याशी अगदी नाकाला नाक भिडवून सराव करू लागली. मास्तर इतके खूश झाले की भेटेल त्याला सांगत सुटले. मोठमोठ्या लढती मनगटानं नाही, डोक्यानं जिंकल्या गेल्या, हे त्यांचं आवडतं पालुपद. कुणी दोरांना पाठ लावून मार खात समोरच्याला दमवलं, कुणी तोंडावर न मारता नुसते पोटावरच ठोसे हाणले, सगळं त्यांना तोंडपाठ. आपली चादरही एक दिवस त्याच रांगेत बसणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. फक्त मागून टाकलेलं चित्र उलटं दिसतं, डाव्याचं उजवं होतं, ही पोराटोरांनाही कळणारी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती.

आणि ही काही साधीसुधी लढत नव्हती. जिंकणारी देशाच्या संघात जाणार होती. लेक सत्तावीस वर्षांची. मागची दोन्ही वर्षं ती इथंच हरली होती. यंदा हरली, तर पुढच्या वर्षी तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं.

घंटा झाली. लेक स्टुलावर येऊन बसली. ओठ फुटला होता.

"बाबा, काय चुकतंय माझं?"

"तुझं नाही गं. माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "चादरीवर ती उलटी दिसत होती. तीन महिने आपण तिला आरशात बघितलं."

मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. "म्हणजे तीन महिने पाण्यात गेले की हो!"

गेले नव्हते. मास्तरांना ते स्वच्छ दिसत होतं. सगळा बेत जसाच्या तसा लागू पडला असता. पावलं, झुकणं, ठोसे, सगळं. फक्त लेकीनं स्वतः उलटं उभं राहायला हवं होतं, डावखुऱ्या माणसासारखं.

आणि लेक जन्माचीच डावखुरी होती.

ती पाच वर्षांची असताना मास्तरांनी तिच्या डाव्या बाहीचं तोंड दोऱ्यानं शिवून टाकलं होतं. मूठ आत. जेवायचं उजव्यानं, लिहायचं उजव्यानं. महिनाभर असं चाललं. तिची आई रडली, मेव्हणा भांडून निघून गेला, पण मास्तर बधले नाहीत. पुढे ठोसे शिकवतानाही चुकून डाव्याचा जोर लागला की पट्टी बसायची. आपण पोरीला वळण लावलं, असं ते अभिमानानं सांगत.

"बाहेर व्हा!" दुसऱ्या फेरीसाठी पंच कोपऱ्यातल्या माणसांवर ओरडला.

"उजवा पाय पुढे घे," मास्तर म्हणाले. 'डाव्यानं मार' एवढं मात्र काही केल्या तोंडातून निघेना. "बाकी... बाकी ठरलंय तेच."

लेकीनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग ती उठली.

दुसऱ्या फेरीत मास्तरांना वाटलं, रिंगणात कुणी दुसरीच उतरली आहे. ही अडखळत नव्हती, आठवत नव्हती, कोपऱ्याकडे बघत नव्हती. समोरची गोंधळून गेली. सरळ डावा तिच्या हनुवटीवर बसला, मग पुन्हा बसला. तिसऱ्या फेरीत तर पंचाला लढत थांबवून त्या भेलकांडलेल्या मुलीसमोर आठपर्यंत मोजावं लागलं. मेव्हणा बाटलीसकट नाचत होता. मास्तर मात्र दोर घट्ट धरून उभे होते. या हाताला त्यांनी काहीच शिकवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली.

पंचानं लेकीचा हात वर केला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. समोरच्या मुलीचे प्रशिक्षक येऊन मास्तरांच्या पाठीवर थाप मारून गेले. "मानलं बुवा! पहिल्या फेरीत मुद्दाम उजवी खेळवलीत आणि आम्हाला गाफील ठेवलंत. काय आखणी!" एरवी अशा कौतुकावर मास्तर अर्धा तास बोलले असते. आज ते वळून कोपऱ्यातलं स्टूल उचलायला लागले.

लेक दोरांखालून वाकून बाहेर आली. मामाच्या गळ्यात पडली. मग बाबांकडे वळली आणि दोन पावलांवर थबकली. डावा हात तिनं पाठीमागे नेला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डाव्यानं मारलं. रागावला नाहीत ना?"